अठ्ठ्याऐंशी अंश

काल दिवसभर पाऊस, रात्री उणे अकरा.
सकाळी आमच्या तात्राच्या उतारावर
जे पसरलेलं असतं, त्याला इथे कुणी बर्फ म्हणत नाही.
"आज काच आहे," म्हणतात, एवढंच,
आणि अर्धं गाव पांघरूण पुन्हा डोक्यावरून ओढतं.

उरलेलं अर्धं वेन्देलीनच्या तळघरात येतं.

जिना उतरलं की मेणाचा वास, तापल्या इस्त्रीचा,
आणि मधोमध पकडीत आवळलेला स्नोबोर्ड,
डॉक्टरपुढे कुशीवर झोपलेल्या माणसासारखा.
वेन्देलीन कानस एकाच दिशेने ओढतो.
मी एकदा मागेपुढे केली, तर हातातून काढून घेतली:
"करवत आहे का ती?"
अठ्ठ्याऐंशी अंश. काटकोनाला दोन कमी.
त्या दोन अंशांत माझा पहिला हिवाळा गेला.
मग हिऱ्याचा दगड, ओला, अलगद,
कारण कानशीने धार येते तशी कुसळंही येतात,
पोलादाची, डोळ्याला न दिसणारी,
आणि कुसळांची कड काचेला चावत नाही,
नुसती ओरखडे काढत घसरते.
शेवटी अंगठ्याचं नख कडेवरून आडवं फिरवायचं.
पांढरा भुगा निघाला, तर झालं.
मार्चपर्यंत माझं ते नख अर्धंच उरायचं.

ओतिलिया त्या आठवड्यात तीनदा आली.
गुडघा निळा, कोपर हिरवं पडत चाललेलं.
तिसऱ्या फाटकाशीच, रोज.
"धार बसत नाही," म्हणाली.
त्याने नख फिरवलं. भुगा निघाला.
"धार बसली आहे. तू बसलेली नाहीस."
मग तळघरातच, मोज्यांवर,
तिला माझ्या खांद्याला धरून वाकवलं:
"घाबरलं की माणूस डोंगराला टेकायला जातो.
हात टेकायला बघतो, रांगणाऱ्या पोरासारखा.
तिथेच कडेवरचं वजन जातं.
गुडघे डोंगरात दाब. खांदे बाहेर, कडेच्या वर.
दरीकडे. हो, तिकडेच, जिकडे नको वाटतं.
आणि मग गप्प राहा.
काचेवर वळवळ खपत नाही."
माझा खांदा दुखत होता. मी बोललो नाही.

ती गेल्यावर मी त्या नव्या बोर्डांचं विचारलं,
ज्यांची कड सरळ नसते, लाटालाटांची असते,
एका जागी सुटली तर दुसऱ्या जागी धरते म्हणे.
"पाव कापायची सुरी,"
वेन्देलीन म्हणाला, आणि दिवा मालवला.

रात्री जेवायला त्याच्याकडेच होतो.
दाराच्या पायऱ्यांवर मार्गीताने चुलीतली राख पसरलेली.
चाळीस वर्षं लोकांना काचेवर उभं करणारा हा माणूस
कठडा दोन्ही हातांनी धरून
राखेवरून एकेक पायरी चढला.

टेबलावर काळा पाव, तीन दिवसांचा,
वरचं कवच चुलीच्या विटेसारखं.
त्याने आपली सुरी घेतली, स्वतः धार लावलेली,
जिच्यावर केस ठेवला तर दोन व्हावेत.
सुरी कवचावरून सटकली,
अंगठ्याशेजारून लाकडात रुतली.
मार्गीताने न बोलता दुसरी पुढे केली,
दातेरी, लाल प्लास्टिकच्या मुठीची.
तिने पहिल्याच ओढीला पाव धरला.

कुणी काही बोललं नाही.
मी सूपमधला बटाटा शोधत राहिलो.

सकाळी तळघरात, माझ्याकडे पाठ करून,
इस्त्रीची वायर सोडवता सोडवता:
"ते लाटांचं... आण एखादं. नुसतं बघायला."

ओतिलिया त्या दिवशी पाचव्या फाटकाशी पडली.
खालून आम्हाला दिसलं:
उठली, हातमोजा दातांनी ओढून काढला,
कडेवरून नख फिरवलं,
नखाकडे बराच वेळ बघितलं.

त्या संध्याकाळी ती तळघरात आली नाही.